दोन नाणी मोठी की एक नोट?

«ताई, आम्ही मांजलपूरला राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सव्वापाच वर्षांची मुलगी. गेल्या आठवड्यात तिने माझ्या पर्समधली ५०० ची नोट काढली, खालच्या मजल्यावरच्या तिच्या मित्राला दिली आणि त्याच्याकडून ५ रुपयांची दोन पिवळी नाणी घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, 'त्याच्याकडे दोन होती, आणि चमकत होती.' त्याच्या आईने नोट लगेच आणून दिली, पण आमच्या घरात रामायण झालं. सासूबाई म्हणतात, लक्ष्मीशी खेळ नको, एवढ्या लहान पोरांच्या हातात पैसा गेला की ती हावरट होतात. नवरा म्हणतो, मोबाईलवर मुलांना पैसे शिकवणारे गेम असतात, ते देऊ. आणि लेकीला दुकानात 'आता नको, पैसे नाहीत' म्हटलं की ती म्हणते, 'मग फोनने दे ना!' तिला पैशाची ओळख घरच्या घरी, खेळातून करून द्यावी असं मला वाटतं. सुरुवात कुठून करू? की अजून लहानच आहे?»
एक आई, वडोदरा

पत्र वाचून सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं ते हे, की तुमच्या लेकीने चोरी केलेली नाही आणि वेडेपणाही केलेला नाही. तिने सौदा केला. तिच्या हिशेबाने तो फायद्याचाच होता: एक राखाडी कागद दिला आणि दोन चकचकीत नाणी मिळवली. या वयात मुलं नग मोजतात, किंमत मोजत नाहीत. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, आणि मग त्यांच्यादेखत एका ओळीतल्या सोंगट्या जरा लांब लांब सरकवल्या. चार-पाच वर्षांची मुलं म्हणाली, लांब ओळीत जास्त आहेत. एकही सोंगटी वाढलेली नव्हती आणि ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीसुद्धा. साधारण सहा-सात वर्षांची होईपर्यंत असंच चालतं, जे जास्त दिसतं ते जास्त असतं. त्या दिवशीच्या गडबडीत कुणी तिला 'एवढंही कळत नाही का' म्हणालं असेल, तर आधी तिला जवळ घ्या आणि ते तिच्या मनातून काढून टाका. पुढचं सगळं त्यानंतर.

आपली नाणीही मुलांना चकवतात बरं. घरातली चिल्लर ताटात ओता आणि तिच्या डोळ्यांनी बघा. २०११ सालच्या मालिकेतलं २ रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं आहे आणि ५ रुपयांचं २३ मिलिमीटरचं. त्याआधीचं, दोन बोटांची खूण असलेलं २ रुपयांचं नाणं तर २७ मिलिमीटरचं, म्हणजे १० रुपयांच्या नाण्याएवढं. पाच वर्षांच्या मुलाने २ ला ५ पेक्षा मोठं म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांची काही चूक नाही.

आता तुमचा प्रश्न. नाही, ती लहान नाही, हेच वय आहे. पण शिकवायचं काय, ते आधी नीट ठरवा. बहुतेक घरांत पैशाची ओळख म्हणजे नोटा ओळखणं आणि मोजणं, असं धरून चालतात. मोजणी तिला शाळेत येईलच, आज नाही तर पुढच्या वर्षी. घरी शिकवायचं ते हे, की पैसा संपतो. दिला की आपल्याकडे राहत नाही, आणि एका गोष्टीला दिला की दुसरीला उरत नाही. हे सांगून कळत नाही, हातालाच कळावं लागतं.

'फोनने दे ना' हे तिचं उत्तर मला अजिबात उद्धटपणाचं वाटत नाही. माझ्या लहानपणी आई मांडवीच्या बाजारात कापड घ्यायला गेली की कमरेचा बटवा काढायची, दोरी सैल करायची, नोटा दोनदा मोजायची आणि दुकानदाराच्या हातावर ठेवायची. येताना तो बटवा चपटा झालेला असायचा. तो मी रस्त्यात हात लावून बघायची. पैसे गेले म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, ते त्या चपट्या बटव्याने सांगितलं. तुमची लेक काय बघते? आई चौकोनावर फोन धरते, दुकानातली डबी काहीतरी ओरडते आणि पिशवी हातात येते. फोन आधी होता तेवढाच, तसाच. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी पैसा जाताना पाहिलेलाच नाही. फोन म्हणजे न आटणारी विहीर, असा तिने निष्कर्ष काढला असेल तर तो पुराव्याला धरूनच आहे. आपल्याला तिला नवा पुरावा द्यायचा आहे.

त्यासाठी काही विकत आणायची गरज नाही. भातुकली असेल तर ती काढा, नसेल तर स्वयंपाकघरातले दोन-चार डबे पुरतील. पैसे म्हणून चिंचोके घ्या. शेजारच्या गुजराती बेनना 'कचूका' म्हणून विचारा, वाटीभर सहज मिळतील. धुऊन, वाळवून एका कापडी पिशवीत ठेवा. बाजारात मिळणाऱ्या खोट्या नोटांची गड्डी मी सुरुवातीला टाळते. त्यावर ५००, १००० असे आकडे असतात, मूल मूठभर नोटा उधळतं आणि आपण जे शिकवू पाहतो त्याच्या नेमकं उलट शिकतं. चिंचोका हाताला जड लागतो, दहा घेतले की मूठ भरते, आणि एक दिला की मूठ हलकी होते. तेवढंच हवं आहे.

पहिल्या दिवशी पाटावर आठ वस्तू मांडा. त्यातल्या निदान चार तरी खऱ्या, तिला मनापासून हव्याशा वाटणाऱ्या: चिक्कीचा तुकडा, चार द्राक्षं, नवी रिबीन, एक रंगीत खडू. प्रत्येक वस्तूला एक चिंचोका. तिच्या हातात पाचच द्या. आठ वस्तू आणि पाच चिंचोके, सगळा खेळ या तिनाच्या फरकात आहे. ती दुकानात येईल आणि बहुतेक गुजरातीत बोलायला लागेल. वडोदऱ्यात वाढणारी आपली मराठी मुलं घरात मराठी बोलतात, पण दुकान-दुकान खेळायला बसली की 'बोलो बेन, शुं आपुं?' (बोला ताई, काय देऊ?) सुरू होतं, कारण त्यांनी दुकान ऐकलेलं असतं ते त्याच भाषेत. तिला थांबवू नका. ती जे बघते तेच खेळते आहे. पाच चिंचोके गेले की दुकान तिच्यासाठी बंद. उरलेल्या तीन वस्तू तिच्यादेखत उचलून ठेवा आणि 'उद्या पुन्हा उघडेल' एवढंच म्हणा. विकत घेतलेली चिक्की मात्र तिने खरोखर खायची.

इथे मी केलेली एक चूक सांगते, कारण तुमच्या घरी हीच होणार आहे, आणि ती सासूबाईंकडून होईल असं समजू नका, तुमच्याकडूनही होईल. मी ३० वर्षं बालवाडी चालवली. वर्षातून दोनदा आम्ही ओट्यावर बाजार भरवायचो, प्रत्येक मुलाला सात चिंचोके. एक पाच वर्षांचा मुलगा होता, शांत, कपाळावर कायम केस आलेले. त्याने पहिल्याच टेबलावर सातही चिंचोके फुग्यांना देऊन टाकले. मग तो भेळेच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. रडला नाही. पिशवी उलटी केली, आत बोट घालून कोपरे चाचपले, पुन्हा उलटी केली. मला ते बघवेना. मी मागून जाऊन त्याच्या पिशवीत तीन चिंचोके टाकले आणि त्याला भेळ मिळाली. मला वाटलं, मी माया केली. सहा महिन्यांनी पुन्हा बाजार भरला, तेव्हा त्याने दोन टेबलांवर सगळे चिंचोके देऊन टाकले आणि तिसऱ्या टेबलाकडे न जाता सरळ माझ्याकडे आला, हात पुढे करून. त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. बाकीची मुलं त्या वेळी टेबलांवरून आधी एक फेरी मारून येत होती, बघून ठेवत होती, दोन चिंचोके मुठीत दाबून धरत होती. त्यांना मागच्या बाजाराने हे शिकवलं होतं. त्याला मी शिकू दिलं नव्हतं. तो पिशवीचे कोपरे चाचपत उभा होता, तोच त्याचा खरा धडा होता, आणि तो मी मधेच थांबवला.

म्हणून दुकान बंद झाल्यावर ती रडली तर रडू द्या. जवळ बसा, 'ते पण हवं होतं ना' म्हणा, पण सहावा चिंचोका देऊ नका. शिवाय 'बघ, मी सांगत होते' हेही म्हणू नका. पाच चिंचोक्यांचं दुःख तिला झेपतं. हे दुःख पाच वर्षांचं असताना पाच चिंचोक्यांना मिळालेलं बरं.

काही गोष्टी मात्र दुकानात कधीच मांडायच्या नाहीत: रात्रीची गोष्ट, आईची मांडी, बाबांबरोबरची चक्कर. त्यांना किंमत लावायची नाही. तसंच ताट उचललं, खेळणी आवरली म्हणून पैसे द्यायचे नाहीत. हल्ली बऱ्याच घरांत कामाचे दर ठरवलेले ऐकते. मला ते पटत नाही. घर आपलं आहे म्हणून आवरायचं असतं.

हे आठवडाभर चाललं की किमती वेगळ्या करा. आकडे लिहू नका, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठिपके काढा. चिक्कीला तीन ठिपके, खडूला एक, रिबिनीला चार. तिने प्रत्येक ठिपक्यावर एक चिंचोका ठेवायचा, सगळे ठिपके झाकले गेले की वस्तू तिची. ज्या मुलाला अजून सहापुढे नीट मोजता येत नाही तेही यात चुकत नाही. मग खरी नाणी आणायची ती याच ठिपक्यांवरून. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा: १ रुपयाला एका बोटाच्या रुंदीएवढी लांब, एका ठिपक्याची. २ ला तिच्या दुप्पट, ५ ला पाचपट, १० ला दहापट. प्रत्येक पट्टीच्या टोकाशी तिचं नाणं ठेवा. ५ चं छोटं नाणं लांब पट्टीवर आणि २ चं मोठं नाणं आखूड पट्टीवर बसलं, की आकाराने होणारी फसगत थांबते. दोन 'पाच'च्या पट्ट्या 'दहा'च्या पट्टीशेजारी ठेवल्या की बरोबर बसतात, हे तिला सांगू नका, तिला सापडू दे. हाताने मापून संख्या शिकवायची ही वाट मारिया माँटेसरींची आहे. आपल्या गुजरातेत गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, आपल्या ताराबाई मोडकांनी तिथेच त्यांच्याबरोबर काम केलं, आणि आम्ही बालवाडीवाल्या बायका अजून त्याच शिदोरीवर जगतो.

खरी नाणी देताना मात्र एक गोष्ट कडक पाळा. घरात किंवा खेळायला येणाऱ्यांत तीन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर नाणी आणि चिंचोके दोन्ही त्याच्या हाती लागता कामा नयेत. मुलं गिळतात त्या वस्तूंमध्ये नाणं अगदी वरचं. गिळलं असं वाटलं तर केळी चारत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा, एक्स-रेमध्ये नाणं दिसतं. तुमची लेक मोठी आहे, तरी नाणं तोंडात घालायचं नाही हा खेळाचा पहिला नियम, आणि खेळ संपला की नाणी मोजून डब्यात आणि हात साबणाने धुवायचे, हा दुसरा.

नाणी धुणं हाही खेळच आहे. बादलीत साबणाचं पाणी, जुना टूथब्रश आणि थोडी चिंच. तांब्याची भांडी घासतो तशी ५ ची पिवळी नाणी तिला घासू द्या. घासता घासता ती त्यावरचे सिंह बघेल, कडेच्या रेघा बघेल, साल विचारेल. वाळली की कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, नाण्याचा ठसा कागदावर उमटतो. असे ठसे कापून तिने स्वतःचे पैसे केले की दुकानाला नवी चिल्लर मिळते. आणखी एक: बटव्यात चार-पाच वेगळी नाणी घाला आणि न बघता २० चं काढायला सांगा. त्याला बारा कडा आहेत, बोटांना ते लगेच सापडतं. १ आणि २ ओळखायला जास्त वेळ लागतो.

नोटा ओळखायलाही पट्टी लागत नाही. नव्या मालिकेतल्या नोटा किमतीप्रमाणे लांब होत जातात: १० ची १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. डाव्या कडा जुळवून एकावर एक ठेवा, उजवीकडे पायऱ्या दिसतात. १०० च्या नोटेमागे पाटणची राणी की वाव आहे, ही आपल्याच राज्यातली. जमलं तर तिला एकदा प्रत्यक्ष दाखवून आणा, पुढे कधी ती नोट तिला अनोळखी वाटणार नाही. त्याच बाजूला भाषांचा रकाना आहे, त्यात 'शंभर रुपये' मराठीत आणि 'सो रुपिया' गुजरातीत, दोन्ही शोधून दाखवा. आजीची भाषा आणि मित्राची भाषा एकाच नोटेवर आहे, याचं मुलांना फार अप्रूप वाटतं.

आणि मग एखाद्या निवांत दुपारी त्या ५०० च्या नोटेचा हिशेब करा. रागावण्यासाठी म्हणून करायचा नाही, नवलाचा खेळ म्हणून करायचा. हॉलमधली सतरंजी मोकळी करा. मधोमध ती नोट ठेवा. तिला सांगा, या एका कागदातून मित्राकडच्यासारखी किती पिवळी नाणी निघतात ते बघू या. एक चिंचोका म्हणजे ५ चं एक नाणं. दहा-दहाच्या ओळी लावत जा. पाचव्या ओळीला ती विचारेल, झालं? नाही झालं. दहा ओळी लागेपर्यंत सतरंजी भरून जाईल. शंभर. आता त्यातले दोन उचलून तिच्या तळहातावर ठेवा आणि काही बोलू नका. पहिल्या खेपेला सगळं उमगेलच असं नाही, 'एका कागदात एवढे कसे मावतात' हा प्रश्न मोठ्यांनाही सोपा नाही. पण सतरंजीभर चिंचोके आणि तळहातावरचे दोन, हे चित्र तिच्या डोळ्यांतून जायचं नाही.

आता फोन. तुम्ही रोख वापरायला लागा असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच जमणार नाही. त्याऐवजी दोन डबे करा, एक 'आपला' आणि एक 'दुकानदाराचा'. दर सोमवारी भाजी-दुधापुरती रक्कम सुट्या नोटांत आपल्या डब्यात ठेवा. दिवसभरात फोनवरून भाजीवाल्याला ६० रुपये गेले असतील, तर संध्याकाळी तिला बोलवायचं: 'फोनने आज ६० दिले, काढ बरं.' ती एक ५० ची आणि एक १० ची काढून दुकानदाराच्या डब्यात टाकेल. शनिवारपर्यंत आपला डबा रिकामा होत येतो आणि ती आपणहून आत डोकावायला लागते. महिनाअखेरीला दुकानदाराच्या डब्यातून दूधवाल्याचं आणि कामवाल्या बाईंचं देणं रोख चुकवा, तिच्या हातून, म्हणजे ते पैसे खरोखर दाराबाहेर जातात. नुसते इकडचे तिकडे होत राहिले तर मुलं दोन आठवड्यांत ओळखतात की हे नाटक आहे.

यातूनच दुसरी गोष्ट येते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. दुकानात तुम्ही तिला म्हणता, 'पैसे नाहीत.' संध्याकाळी घरी पार्सल येतं. मूल दोन्ही बघतं. मग त्याला वाटतं, आई खोटं बोलते, किंवा पैसे आपल्यासाठी नाहीत. दोन्ही वाईट. 'पैसे आहेत, पण यासाठी ठेवलेले नाहीत' म्हणा. वाक्य लांब आहे, दुकानाच्या गर्दीत जड वाटतं, पण ते खरं आहे. आणि डब्याचा खेळ चालू असला तर तिला ते कळतंही, कारण कशासाठी काय ठेवलंय ते तिने पाहिलेलं असतं. खरोखरच नसतील त्या महिन्यात 'नाहीत' म्हणायलाही लाजू नका.

महिन्याभराने तिला खंडेराव मार्केटमध्ये न्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बांधलेली ती इमारत तिला राजवाडाच वाटेल. सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. तिच्या बटव्यात १० ची दोन नाणी आणि काम एकच: कोथिंबीर आणि लिंबं. भाजीवाल्या मावशींना ती स्वतःच विचारेल, नाणी स्वतः देईल, सुटे परत आले तर स्वतः घेईल. तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. तिला वेळ लागेल, मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करेल, तरी पुढे होऊ नका. परतीच्या वाटेवर तिला बटवा चाचपू द्या. उत्तरायणाच्या आधी हेच पतंगांच्या बाबतीत करता येतं: रक्कम ठरवून द्यायची, पंजो (पाच पतंग) घ्यायचा की पुरी कोडी (वीस), की कमी पतंग आणि बरी फिरकी, ते तिचं ती ठरवेल.

साठवायला मातीचा गल्ला देऊ नका, काचेची बरणी द्या. गल्ल्यात टाकलेला पैसा या वयाच्या मुलाला हरवल्यासारखाच वाटतो. बरणीत पातळी वर चढताना दिसते, हव्या त्या उंचीवर रंगीत पट्टी चिकटवता येते. बँकेत खातं काढायचीही घाई नको. ज्या गावात २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा उभी राहिली तिथल्या आजोबांना नातवंडाच्या नावाने पासबुक काढायची हौस असते, ती त्यांनी जरूर पुरवावी. पण पाच वर्षांच्या मुलीसाठी पासबुक म्हणजे पुन्हा न दिसणारा पैसा.

मोबाईलवरच्या गेमबद्दल एवढंच: जी अडचण फोनमुळे झाली ती फोनवर सुटणार नाही. नवऱ्याला दुकानाचं गिऱ्हाईक करा, घासाघीस करणारं.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी बाजूला सारणार नाही, त्यात तथ्य आहे. नाण्याला पाय लागला की आपण उचलून कपाळाला लावतो. ज्या गोष्टीमागे कुणाचे तरी श्रम आहेत ती पायाखाली येऊ नये, हा त्यातला भाव मला फार मोलाचा वाटतो. तोच खेळात आणा, आणि तो त्यांनीच आणावा. नोटेवर काही लिहायचं नाही, तिची होडी करायची नाही, खेळ संपला की नाणी पुसून मोजून ठेवायची, हे नियम आजीने सांगितले तर नात ऐकेल. हावरटपणाची भीती वाटत असेल तर त्यांना सांगा, हाव सुटते ती पैसा कधी संपतच नाही असं वाटणाऱ्याला. शिवाय त्यांच्याकडे जे आहे ते तुमच्या-माझ्याकडे नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. 'चार आणे', 'आठ आणे' हे शब्द त्यांच्या बोलण्यात अजून असतील. आणि तुमच्या सासरच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाची जुनी नाणी असतील, तर त्यात एखादा बडोदे संस्थानचा रुपया निघायची शक्यता आहे, सयाजीरावांचं चित्र आणि मागे देवनागरीत 'एक रुपया'. तो खेळायला द्यायचा नाही. आजीने तो आपल्या हातात धरायचा आणि नातीने बघायचा.

दुकान मांडाल त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या त्या मित्राला पहिलं गिऱ्हाईक म्हणून बोलवा. सौदा मोडल्यापासून दोघं एकमेकांना जरा बिचकत असतील. आणि त्याच्या आईने नोट परत दिली असं तुम्ही लिहिलंत, पण ती दोन पिवळी नाणी त्याला परत गेली का, ते पत्रात नाही. गेली नसतील तर आजच पाठवा, तुमच्या लेकीच्या हातून.